अठ्ठ्याहत्तरांचं गाणं



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'राष्ट्रीय सांख्यिकी' असा विषय छापलेला असूनही तुम्ही इतक्या जणांनी येणं केलंत. याचा अर्थ एकतर पनवेलकरांना या विषयाची भीती वाटत नाही, किंवा पत्रिका कुणी वाचत नाही. यातलं खरं काय, याची पाहणी कुणी केलेली नाही. ज्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानमालेतलं आजचं हे पुष्प गुंफायचं आहे, ते सार्वजनिक पैशाचा पै-पैचा हिशेब ठेवत, असं प्रास्ताविकात आत्ताच सांगितलं गेलं. तेव्हा मोजणीबद्दल बोलणं त्यांनाही वावगं वाटलं नसतं. फक्त सुरुवात मी एका गाण्यानं करणार आहे, आणि तेही नाताळच्या. घाबरू नका, गाऊन दाखवणार नाही.

इंग्रजांचं हे जुनं गाणं १७८० साली लंडनमध्ये मुलांच्या एका पुस्तकात छापलं गेलं. आज ते ज्या चालीवर जगभर गातात, ती फ्रेडरिक ऑस्टिन या गायक-संगीतकारानं १९०९ साली बसवली. गोष्ट एवढीच, की नाताळच्या दिवसापासून पुढे बारा दिवस एक प्रियकर आपल्या प्रेयसीला भेटी पाठवतो. पहिल्या दिवशी नासपतीच्या झाडावर बसलेला एक तितर. दुसऱ्या दिवशी दोन होले, आणि परत तितर, झाडासकट. तिसऱ्या दिवशी तीन फ्रेंच कोंबड्या, दोन होले, एक तितर. पुढे चार गाणारे पक्षी, पाच सोन्याच्या अंगठ्या, अंडी घालणाऱ्या सहा कलहंसी, पोहणारे सात हंस, दूध काढणाऱ्या आठ गवळणी, नाचणाऱ्या नऊ बायका, उड्या मारणारे दहा उमराव, अकरा पावेवाले आणि बाराव्या दिवशी बारा ढोलवाले. रोज एक नवी भेट वाढायची आणि मागचं सगळं पुन्हा यायचं. मुळात हा स्मरणशक्तीचा खेळ होता. जो क्रम चुकला, त्यानं दंड भरायचा.

ही रचना आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. हस्त नक्षत्र लागलं, पाटावर हत्ती मांडला, की पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीही काही घरांत त्याच हिशेबानं वाढत जातात, आणि मग शेवटच्या दिवसाच्या यजमानीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा होतो. सोळा दिवसांत गाणी किती वेळा म्हटली गेली? एक ते सोळाची बेरीज, म्हणजे १३६. नवरात्रातला नऊ दिवसांचा भोंडला घेतला तर ४५. पण नाताळाच्या गाण्यातली मेख याच्या एक पायरी वर आहे. तिथं पाचव्या दिवशी वाढणारी भेट एक नसून पाच आहेत, आणि त्या पाच पुढे रोज येत राहतात. म्हणजे ही बेरजांची बेरीज झाली.

बेरजांच्या बेरजेला भास्कराचार्यांनी 'संकलितैक्य' म्हटलं आहे. लीलावती ११५० सालची. भास्कराचार्यांच्या नातवानं चाळीसगावजवळच्या पाटण्याला, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथं आहे; म्हणून त्यांना आपल्यातलं म्हणायला आपण मोकळे. रीत अशी, की एक ते बाराची बेरीज, म्हणजे संकलित, ७८. त्याला पदसंख्येत दोन मिळवून, म्हणजे १४ नं, गुणा आणि तीननं भागा. उत्तर ३६४. याच बेरजेची रीत त्याच्याही साडेसहाशे वर्षं आधी, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटानं दिली होती. लंडनच्या पोरांनी हे गाणं म्हणायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधी त्याचं बिल आपण तयार ठेवलं होतं.

तर प्रेयसीला एकूण भेटी किती मिळाल्या? प्रकार मोजले तर बारा. बाराव्या दिवशी दारात एकाच वेळी उभ्या राहिलेल्या मोजल्या तर ७८. बारा दिवसांतल्या सगळ्या मोजल्या तर ३६४. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि तिन्ही उत्तरांच्या बातम्या वेगवेगळ्या होतात. प्रियकराच्या बाजूचं वर्तमानपत्र ३६४ छापेल, विरोधक 'फक्त बारा' म्हणतील, आणि घर साफ करणारी बाई ७८ वर ठाम राहील, कारण तिला तेवढ्यांच्या मागचं आवरायचं आहे.

यातल्या आठ गवळणी घ्या. त्या आठव्या दिवसापासून बाराव्यापर्यंत पाच दिवस आल्या. ३६४ मध्ये त्या चाळीस म्हणून जमा आहेत. पण चाळीस वेगवेगळ्या बायका आल्या, की त्याच आठ जणी रोज? गाणं सांगत नाही. आपल्याकडे या अडचणीवर एक जुना सरकारी शब्द आहे, मनुष्यदिन. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ साली त्याचा कायदा झाला, आणि या योजनेमागचं डोकं वि. स. पागे यांचं. खडी फोडायला किती माणसं आली यापेक्षा किती मनुष्यदिन काम झालं, हा हिशेब त्या योजनेनं मस्टरवर लिहिला. आठ बायका पाच दिवस म्हणजे चाळीस मनुष्यदिन. आकडा प्रामाणिक आहे. फक्त 'चाळीस जणींना रोजगार' असं त्याचं भाषांतर कुणी भाषणात केलं, तर तिथं घोटाळा होतो. पनवेल स्थानकातून रोज इतके प्रवासी जातात, असं आपण वाचतो तेव्हाही हेच. सकाळी सीएसएमटीला जाऊन संध्याकाळी परत येणारा एकच माणूस दोन प्रवास करतो. तो दोन माणसं होत नाही, जरी संध्याकाळी उतरताना त्याला अर्धाच उरल्यासारखं वाटलं तरी.

आता ७८ हा आकडा तुम्हाला कुठं भेटलाय, आठवून बघा. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली, आणि मे २०१७ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. प्रभाग २०, नगरसेवक ७८. बाराव्या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या भेटींइतकेच! त्यातल्या निम्म्या, म्हणजे ३९ जागा बायकांसाठी राखीव. योगायोग एवढ्यावर थांबत नाही. महाराष्ट्र विधान परिषदेच्या जागाही ७८ च आहेत, आणि त्यांतले राज्यपालांनी नेमायचे सदस्य किती? बारा. ज्या पागे यांचं नाव आत्ता घेतलं, ते याच परिषदेचे १९६० पासून १९७८ पर्यंत सभापती होते. गाण्यात उड्या मारणारे उमराव दहाच आहेत. महाराष्ट्रात त्यांची संख्या दर निवडणुकीगणिक बदलते, त्यामुळे त्यावर मी बोलत नाही.

अशा योगायोगाला सांख्यिकीत काहीही अर्थ नसतो, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. ७८ या आकड्याची जुळणी शोधायला निघालं की ती सापडतेच, कारण शोधणारा न जुळलेले आकडे मोजत नाही. टीव्हीवरच्या अर्ध्या चर्चा याच जोरावर चालतात.

आता पक्ष्यांकडे वळू. गाण्यातल्या ३६४ भेटींपैकी १८४ पक्षी आहेत, निम्म्याहून जास्त. म्हणजे प्रियकराची आवड एका अर्थी पनवेलकरांसारखीच म्हणायची, कारण आपल्या वेशीवर कर्नाळा आहे. १९६८ साली झालेलं अभयारण्य, क्षेत्र जेमतेम १२.११ चौरस किलोमीटर, बाजूनं मुंबई-गोवा महामार्ग. तिथं तितर पकडून झाडासकट कुणाच्या दारात ठेवायला गेलात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाताळ कोठडीत जाईल. कोंबड्यांचं मात्र वेगळं. त्यांची आपल्याकडे रीतसर गणना होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली कुक्कुटसंख्या ८५ कोटी १८ लाख निघाली. गाई-बैल १९ कोटी २५ लाख, म्हशी जवळजवळ ११ कोटी. आणि याच गणनेनं आणखी एक गोष्ट नोंदवली. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपासून देशातली गाढवं ६१ टक्क्यांनी घटली. उरली सव्वा लाखाच्या आसपास. ही सरकारी आकडेवारी आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तो व्यक्तिगत समजला जावा.

हसलात, पण त्या आकड्यामागे वीटभट्टीवरचा, परटाघरचा, नदीच्या पात्रातून वाळू वाहणारा सगळा धंदा टेम्पोकडे गेल्याची गोष्ट आहे. एका जनावराच्या घटलेल्या संख्येत एका पिढीचं कामकाज बदललेलं दिसतं. आकडेवारी वाचण्यातली गंमत मला तरी इथं वाटते. ती कोरडी असते, असं म्हणणाऱ्यानं पशुगणनेचा अहवाल उघडलेला नसतो.

किमतींचं पाहू. अमेरिकेत पिट्सबर्गची पीएनसी नावाची एक बँक १९८४ पासून दर नाताळाला या गाण्यातल्या भेटींचा किंमत निर्देशांक काढते. गंमत म्हणून सुरू झालं, आता त्याची बातमी होते. २०२४ साली ७८ भेटींचं बिल सुमारे ४९ हजार २६३ डॉलर होतं, आणि ३६४ चं सुमारे २ लाख ९ हजार. त्यात हंस फार महाग, सातांचे १३ हजार डॉलरच्या वर, आणि त्यांच्या किमतीत पूर्वी फार चढउतार होत असत. मग बँकेचे अर्थतज्ज्ञ काय करतात? हंस वगळून एक वेगळा 'गाभ्याचा' निर्देशांक काढतात. आपल्याकडे हेच खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून होतं. ज्याच्या किमतीनं माणूस घायकुतीला येतो तेवढं सोडून बाकी महागाई आटोक्यात आहे, असा त्याचा अर्थ घरातल्या बाईला लागतो. अर्थतज्ज्ञांचा बचावही ऐकून घ्या, तो अगदीच पोकळ नाही. पाऊस लांबला म्हणून कांदा उसळतो आणि दोन महिन्यांनी पडतो. तेवढ्यावर व्याजदर हलवले तर घराचे हप्ते भरणारे मरतील. दोन आकडे दोन कामांसाठी असतात. भांडण होतं ते एका कामाचा आकडा दुसऱ्या कामाला लावला की.

अंगठ्यांचं म्हणाल, तर २०१२ हे पायाभूत वर्ष धरून बांधलेल्या आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकात सोन्याचा भार १.०८ टक्के होता आणि अन्न व पेयांचा ४५.८६. ही सरासरी सगळ्या देशाची. ज्याच्या घरी यंदा लग्न आहे त्याच्या खर्चाच्या टोपलीत सोनं निम्मं असतं. ज्यानं पाच वर्षांत सराफाची पायरी चढली नाही त्याच्या टोपलीत शून्य. १.०८ टक्के सोनं घेणारा माणूस उभ्या देशात एकही सापडणार नाही, आणि तरी निर्देशांक चुकीचा ठरत नाही. सरासरीचा माणूस हा असा, सगळ्यांच्या ओळखीचा आणि कुणाच्याच नात्यात नसलेला.

पावेवाले आणि ढोलवाले मी भरभर उरकतो. आपल्या रायगड-रत्नागिरीकडचा खालू बाजा लग्नाला बोलावला की सनई, ढोल, टिमकी, नाचणारे, सगळं एका सुपारीत येतं. पावती मिळत नाही. अशा कंपनी म्हणून न नोंदलेल्या, शेतीच्या आणि बांधकामाच्या बाहेरच्या लहान उद्योगांची सरकार दर वर्षी वेगळी पाहणी करतं. २०२३-२४ मध्ये देशात ७ कोटी ३४ लाख आस्थापना आणि १२ कोटींवर माणसं त्यात निघाली. 'आस्थापना' हा शब्द ऐकला तर आमचा ढोलवाला ढोल खाली ठेवेल.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा सगळा घाट घातला तिच्याकडे येतो. पहिल्या दिवसाची भेट म्हणजे झाडावरचा तितर. ही भेट एक, की दोन? झाड वेगळं धरलं तर बारा दिवसांची बारा झाडं वाढतात आणि ३६४ चे ३७६ होतात. आठ गवळणी दूध काढतायत म्हणजे समोर गाई आहेत. त्या कुणी मोजल्या? ढोलवाल्यांचे ढोल कुठं आहेत? आपण इतका वेळ बेरीज अचूक करत होतो, पण काय मोजायचं याची रेघ कुणी ओढली, हे विचारलंच नाही.

या रेघेवर आपल्या एका माणसानं मोठं काम केलंय. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. फर्ग्युसन कॉलेज, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, आणि १९४० च्या दशकात दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते सांख्यिकीचे संचालक झाले. सुखात्म्यांच्या कामाआधी पिकाचा अंदाज तलाठ्याच्या नजरेवर असे: यंदा बारा आणे, यंदा दहा आणे. भात किती पिकलं हे नक्की कळायला सगळ्या देशाची शेतं कापून तोलता येत नाहीत. म्हणून गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेतं तशीच, शेतातला एक तुकडा तसाच, आणि तेवढाच कापून, झोडून, तोलून बघायचा. शितावरून भाताची परीक्षा. फक्त शीत कुठलं उचलायचं, हे ज्याला त्या भाताची फुशारकी मारायची आहे त्याच्या हातात ठेवायचं नाही, ही शास्त्रानं घातलेली अट.

तुकडा केवढा घ्यायचा, यावर तेव्हा मोठा वाद झाला. कलकत्त्याला सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. झटपट होतात, जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष मापून दाखवलं, की लहान तुकड्यांत उत्पन्न हटकून जास्त भरतं. कारण ऐकायला फार साधं आहे. दोरी लावली की काही रोपं नेमकी दोरीवर येतात. आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात अशा वेळी विळा आत ओढतो, रोप आत घेतो. एक मीटर लांब-रुंद तुकड्याला एका चौरस मीटरमागे चार मीटर काठ असतो. दहा बाय पाच मीटरच्या तुकड्याला एका चौरस मीटरमागे साठच सेंटिमीटर. काठ जितका जास्त, तितकी ही फुकटची रोपं जास्त. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आकडा फुगवला नव्हता. काठावरच्या रोपाचं काय करायचं हे हातानं ठरवलं, डोक्यानं नाही, एवढंच.

सुखात्मे पुढे पुण्यात आले तेव्हा त्यांचं आणखी एक भांडण गाजलं, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, आणि माणशी रोज २,२५० उष्मांक ज्याला परवडत नाहीत तो गरीब, अशी रेघ ओढली. सुखात्मे म्हणाले, एकाच निरोगी माणसाचा आहारही दिवसागणिक कमी-जास्त होतो, तेव्हा सरासरीच्या रेघेखालचा प्रत्येक जण उपाशी धरू नका. वाद वर्षानुवर्षं चालला. दोघांचं गणित बरोबर होतं. प्रश्न पुन्हा दोरीवरच्या माणसाचा होता. मला स्वतःला विचाराल तर रेघ ओढण्याचं धाडस दांडेकर-रथांनी केलं म्हणून सरकारला गरिबीचा आकडा टाळता येईनासा झाला, आणि त्यासाठी मी त्या रेघेचा खडबडीतपणा माफ करतो.

म्हणून पुन्हा आठ गवळणींकडे. त्या अमेरिकन बँकेच्या हिशेबात आठ गवळणींचं बिल किती, सांगू? ५८ डॉलर. दर वर्षी ५८. कारण त्यांना एका तासाचं संघीय किमान वेतन लावलंय, आणि ते २००९ पासून सव्वासात डॉलरवर बसलंय. हंस महागले, अंगठ्या महागल्या, गवळणी आहेत तिथंच. आपण हसू नये. आपल्याकडे किमान वेतनाची देशपातळीवरची तळरेषा जून २०१७ मध्ये रोजी १७६ रुपये ठरली, आणि नंतर वर्षानुवर्षं जागची हलली नाही. बहुतेक राज्यं आपापले दर त्याहून वर ठरवतात हे खरं, पण त्या रेषेनं आठ गवळणींचा दिवस १,४०८ रुपयांत सुटतो.

आणि हे झालं मजुरी मिळणाऱ्या गवळणींचं. २०२३-२४ मध्ये देशात २३ कोटी ९३ लाख टन दूध निघालं, जगात सगळ्यांत जास्त, माणशी दिवसाला ४७१ ग्रॅम. पहाटे उठून गोठ्यात बसून हे दूध काढतं कोण? खेड्यात तरी बहुतेक घरांत बाई. मग तिची नोंद कुठं होते? आपल्या जनगणनेतली 'काम' या शब्दाची व्याख्या बहुतेकांना माहीत नसते. त्यात शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरलेलं आहे. इतकंच काय, केवळ घरच्या वापरासाठी दूध काढणारी बाईसुद्धा त्या व्याख्येनं काम करणारी ठरते. स्वयंपाक, धुणीभांडी, पोरं, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं मात्र कामात नाही. घरच्या एका म्हशीची धार काढली तर ती कामकरी. त्याच दुधाचा चहा दहा जणांना करून दिला तर नाही. दोरी गोठा आणि चूल यांच्या मधून गेली आहे.

ही रेघ योग्य का अयोग्य, यावर अर्थशास्त्रात पुष्कळ लिहिलं गेलंय. राष्ट्रीय उत्पन्नाच्या जागतिक नियमावलीतही ती जवळपास अशीच आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर होते, तेव्हापासून आपण हे हिशेब मांडतोय. रेघेबाहेरचं काम निदान दिसावं म्हणून आता वेळेच्या वापराची पाहणी होते. २०१९ च्या पाहणीत ज्या बायकांनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केलं, त्यांचा त्यात सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ९७. आणि अशा कामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या, पुरुष २६. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली. पुरुषांची ८८. दोघांचीही कमी झाली आणि अंतर जवळपास तेवढंच राहिलं. या मधल्या वर्षांत आपण पुरुषमंडळींनी घरात बसून भाकऱ्या थापल्याची छायाचित्रं बरीच टाकली होती. पाहणीत ती धरत नाहीत.

रेघ बदलायची की नाही हे संसदेत आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत ठरेल. पण रेघेच्या आत असलेली बाई बाहेर पडते, ती आपल्या ओट्यावर. २०११ च्या जनगणनेत देशातल्या पुरुषांपैकी ५३.३ टक्के कामकरी नोंदले गेले, बायकांपैकी २५.५ टक्के. या तफावतीत खरी तफावत किती आणि दारात झालेली चूक किती, हे जनगणनेचा तक्ता सांगत नाही. दारात काय होतं ते आपण सगळे ओळखतो. प्रगणक, म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची एखादी शिक्षिका, उन्हातून येते. खुर्चीवर घरातला पुरुष बसलेला. "तुमची मंडळी काय करतात?" "काही नाही, घरीच असते." आणि ती 'काही नाही' मागच्या दारी म्हशीला वैरण घालत असते, भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात असते, पापड-कुरडयांची ऑर्डर लाटत असते, किंवा दुकानाच्या गल्ल्यावर दुपारभर बसते, कारण मालक जेवून झोपलेले असतात. वर्षातले सहा महिने किंवा जास्त केलं तर मुख्य काम, कमी केलं तर सीमांतिक. पण काम ते कामच. प्रश्नावलीत जागा आहे. उत्तर देणाऱ्याच्या तोंडात नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. या वेळी नोंद मोबाइलवर होणार, आणि आपली माहिती आपणच भरायची सोयही ठेवली आहे. सोळा वर्षांनी मोजणी होतेय. मधल्या काळात पनवेलची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली, शेतं गेली, मनोरे आले, विमानतळ आला. त्या सगळ्याचा हिशेब अजूनही आपण २०११ च्या आकड्यांवर भागवतोय.

तेव्हा माझी विनंती एवढीच. प्रगणक दारात येईल तेव्हा तिला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि घरातल्या बाईच्या कामाबद्दलचा प्रश्न आला की तुम्ही उत्तर देऊ नका. आत हाक मारा. ती हात पुसत बाहेर येईपर्यंत थांबा. तिलाच विचारू द्या आणि तिलाच सांगू द्या, गोठा, शेत, शिलाई, गल्ला, सगळं. तीसुद्धा सवयीनं "काही नाही" म्हणालीच, तर तेवढ्यापुरतं तिला टोका.